समाधानी नागरिकाचा फोन नंबर

उभा जन्म पेपर तपासण्यात गेला. त्यामुळे निवृत्तीनंतर नगरच्या एका संस्थेनं सरकारी संकेतस्थळांना गुण द्यायचं काम दिलं, तेव्हा माझे हात नुसते शिवशिवले.

काम सोपं होतं. दाखल्यांसाठी ऑनलाइन अर्ज केलेल्यांना घरूनच फोन लावायचा आणि विचारायचं, सेवा मिळाली का, समाधानी आहात का. देवळाली प्रवऱ्याच्या एका आजोबांनी खोकत खोकत सांगितलं, "लई समाधानी हाय." पुढच्या काकूही अगदी तश्शाच खोकल्या. तेव्हा कुठे मी यादी नीट पाहिली. नावं वेगळी, नंबर एकच! कॉपी पकडण्यात माझी हयात गेलेली.

नंबर गावातल्या सेवा केंद्रचालकाचा होता, केंद्रांच्या यादीत तोच छापलेला. लोक त्याच्याकडून अर्ज भरून घेतात, पण ओटीपीच्या धास्तीनं स्वतःचा नंबर देत नाहीत. मग हा आपलाच टाकतो. साऱ्या गावाचे मेसेज याला, आणि समाधानी व्हायचं तेही यानंच! मला हसू आवरेना. मी मुद्दाम तोच नंबर पुन्हा लावून पुढचं नाव घेतलं, एका मुलीचं.

"मिळाला की दाखला, बाई," बारीक आवाज आला.

माझ्या स्क्रीनवर तर दाखला तयार होऊन नुसता पडून होता. कुणी तो उतरवूनच घेतला नव्हता. माझं हसू पळालं.

"नाटक पुरे! त्या मुलीला कळवलंत का?"

"आं? आला व्हय? मेसेज लई येत्यात मॅडम, उघडायचंच सोडलंय." मग हळूच, "ती हितंच बसलीय. रोज येऊन इचारती."

"आधी प्रिंट काढा, आणि तिला फोन द्या."

नर्सिंगचा प्रवेश, तोही संगमनेरला. फीची सवलत उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि आज शेवटची तारीख. सवलत नसेल तर अब्बांना झेपणार नाही, हे तिनं न रडता सांगितलं. मागे प्रिंटर घरघरत होता. तिला सोडण्यापूर्वी रीतीप्रमाणे विचारलं, "समाधानी आहेस का?"

"ते संध्याकाळी सांगते, बाई. आत्ता यष्टी हाय."

दुपारी संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, एका नावापुढचा 'समाधानी'चा रकाना कोरा राहिलाय. हो की नाही?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "मुलगी अजून एसटीत आहे."