‘बाहेरचे’ नावाचं फोल्डर

भूत भेटलंच तर त्याला आधी चहा विचारीन, अशी मी बाई. नातवंडं मला नास्तिक आजी म्हणतात. तरी हे लिहितेय, कारण अजून पचलेलं नाही.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट. यवतमाळच्या एका खाजगी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, पहिला मजला, खिडकीखाली कापसातून सरकी काढायच्या जिनिंगचं आवार. कापूस खरेदी केंद्रासाठी आम्ही मराठी ऑपरेटिंग सिस्टिम बांधत होतो – पावतीवरची कापसाची प्रत शेतकऱ्याला स्वतः वाचता यावी म्हणून. मी प्रोजेक्टची प्रमुख. डोळ्यावर चष्मा, डोक्यात नुसती हवा!

अख्खी सिस्टिम कोणी एकटा लिहीत नाही. प्रिंटरचा कोड परदेशातल्या कुणीतरी फुकट दिलेला. नियम साधा... असा कोड ‘बाहेरचे’ या फोल्डरमध्ये वेगळा ठेवायचा, वर लेखकाचं नाव आणि परवाना शाबूत. मी काय केलं? नावं खरवडली, फाइली ‘आपले’ फोल्डरमध्ये ओतल्या आणि वर माझं नाव टाकलं. उष्ट्या ताटात लोणचं वाढून ‘मीच रांधलं’ म्हणावं, तसं. शी!

लॅब असिस्टंट फिरोजभाई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, “मॅडम, तिथं पाहा. एकाच्या कापसाची गंजी दुसऱ्याच्या गंजीत मिसळतेत का? ज्याचा माल त्याची चिठ्ठी. काहून हात लावून राह्यले तुम्ही?”

“तुम्ही वायरी सांभाळा,” मी म्हणाले. काय तो तोरा!

दुसऱ्या दिवशी फाइली परत ‘बाहेरचे’मध्ये. परक्याचं नाव जागच्या जागी. मी पुन्हा हलवल्या, त्या पुन्हा परतल्या. मशीनला नेटच नव्हतं. लॅबची दुसरी चावी फिरोजभाईंकडे... मी तडक संचालकांकडे गेले.

“अल्लाकसम मॅडम, मी नाही केलं. घरी तीन पोरी हायेत माह्या,” एवढंच ते बोलले. त्याच दुपारी त्यांना काढलं.

मग मी मशीनमधली डिस्कच काढून लोखंडी कपाटात ठेवली. कपाटाच्या दोन्ही चाव्या माझ्या कमरेला. सकाळी डिस्क जोडली, तर फाइली पुन्हा ‘बाहेरचे’मध्ये! शिवाय तिथं एक नवीन फाइल. प्रिंटरवर जोडाक्षरं तुटायची, त्याची दुरुस्ती. वर लिहिलेलं – लेखक : फिरोज. वेळ रात्रीची, डिस्क कपाटात असतानाची.

ती दुरुस्ती खरोखर त्यांचीच होती. एका दुपारी त्यांनी ती करून दिली आणि मी तीही माझ्या नावावर खपवली होती. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

डिस्क माझ्या कुलपात असतानाही फाइली हलल्या, म्हणजे आधीचंही काम फिरोजभाईंचं नव्हतंच. ती फाइल संचालकांना दाखवली असती, तर फिरोजभाई दुसऱ्या दिवशी कामावर असते. मी दार लावलं आणि डिलीट दाबलं. आजही त्या बोटाची किळस येते.

नंतर महिनाभर मी रोज सकाळी ते फोल्डर उघडत होते. तोवर फिरोजभाई पोरींना घेऊन नेरला निघून गेले होते. परदेशी माणसाचं नाव मी पुसलं तरी दर वेळी परत यायचं. फिरोजभाईंचं एकदाही आलं नाही.

का, ते मला अजून कळलेलं नाही.