रिकामी किटली आणि महादेवभाऊंची सायकल

सांगा बरं, सकाळी सकाळी चार बाया रिकाम्या हातानं रस्त्यानं निघाल्या, तर लोक काय समजतील? आमच्या खामगावात तेव्हा लोकांना एकच कारण सुचायचं. पहिल्याच दिवशी चहावाल्यानं डोक्यावरची टोपी काढून विचारलं, "कोन गेलं वं माय?"

"कोनी नाही गा, चालाले निघालो," मी म्हटलं.

"कुठी?"

"कुठीच नाही!"

बिचारा टोपी हातात धरून तसाच उभा! दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुधाची रिकामी किटली सोबत घेतली. किटली दिसली की कोणी काही विचारत नसे. तेव्हापासून किस्से साचत गेले ते कापसाच्या गंजीसारखे. एक ओढावा, तर वरचे चार अंगावर येतात!

*

हे चालणं सुरू झालं कुसुमसाठी. ती लहान असताना तिच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं, एक किडनी काढली, विजेचे शेक दिले. पोर वाचली. पुढे ती हायस्कुलात गेल्यावर तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता हिला बसवून ठेवू नका. सगळं आयुष्य पडलंय पुढं. हृदय, हाडं मजबूत राहायला हवीत. चालवा, पळवा. पोटावर मार बसेल असे खेळ तेवढे नकोत."

तिचे वडील महादेवभाऊ कापूस बाजारात मापारी, काट्यावर कापूस तोलणारे. एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी घरी आणलं! पोरीला भरली बादलीही उचलू देईनात.

शेवटी तिची आई, सुशीलावहिनी, आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "एकटी पोट्टी फिरली तर लोकं नावं ठेवतीन. आपन सगळ्याच जाऊ. मंग कोनाकोनाले ठेवतीन?"

*

चौथी आमची रझियाआपा. शिलाई मशीन चालवून तिचे पाय असे तयार, की बुरख्यातली ही बाई सगळ्यांच्या पुढे.

"आपा, हळू चाला नं!" मी धापा टाकत ओरडले.

"हळू चाललं का मले घरचं काम आठवते!"

*

आणि आमच्या मागे, बऱ्याच अंतरावर, महादेवभाऊंची सायकल! पोरगी चक्कर येऊन पडली तर उचलायला कोणी हवं ना. पण तसं कबूल करतील तर ते भाऊ कसले? विचारलं की म्हणायचे, "कापसाच्या गाड्या पाहाले चाललो."

हिवाळ्यात ठीक होतं, तेव्हा कापसाचा हंगाम. पण ज्येष्ठ लागला तरी सायकल मागे आहेच. रझियाआपा थांबली. "काऊन भाऊ, आता कायच्या गाड्या?"

भाऊ गडबडले. "रिकाम्या गाड्या पाहून राह्यलो!"

"पाहा, पाहा. आमची किटलीबी रिकामीच हाये!"

*

शाळेच्या खेळांत कुसुमनं शर्यतीत नाव दिलं. भाऊ ग्लुकोजच्या पाण्याचा तांब्या घेऊन दोरीपाशी उभे. शिट्टी वाजली आणि मैदानाच्या कडेनं तेही तिच्यासोबत पळायला लागले!

कुसुमचा नंबर आला नाही, पण ती शेवटपर्यंत पळाली, हसत हसत. मग बापाच्या हातातला तांब्या घेऊन तिनं बापालाच पाजला.

*

पुढच्या तपासणीला मुंबईत लिफ्ट बंद होती. कुसुम जिने चढून वर गेली. मागून भाऊ आले, कठडा धरत, घामाघूम. डॉक्टरांनी त्यांनाच हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि नळी त्यांच्या छातीला लावली.

"डॉक्टर, पेशंट मी आहे!" कुसुम म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग तिला नीट तपासून म्हणाले, "जे करतेस ते सोडू नको. आणि ह्यांनाही घेऊन जात जा."

हे वाक्य मात्र भाऊंनी घरी आणलं नाही. कुसुमनं आणलं!

*

मॅट्रिक झाल्यावर कुसुमनं ठरवलं, अमरावतीला जाऊन खेळाची शिक्षिका व्हायचं. तिथे प्रवेशही मिळाला. भाऊ मात्र हटून बसले. "नाही म्हंजे नाही. तिथी तुह्या मांगं सायकल कोन चालवीन?"

निघायचा दिवस उद्यावर आला, तरी नाहीच. त्या सकाळीही आम्ही चाललो. परतताना चढावर मागून खाडकन आवाज आला. भाऊंच्या सायकलची चेन तुटली होती. थोडा चढ त्यांनी सायकल ढकलली, मग रस्त्याकडेच्या दगडावर बसले. छातीचा नुसता भाता झाला होता.

कुसुम मागे फिरली. तिनं त्यांच्या हातातून सायकल घेतली, हँडलला किटली अडकवली आणि न थांबता चढ चढून वर गेली. किटली वरपर्यंत वाजत गेली.

भाऊ सावकाश वर आले. "थकली नाही?"

"नाही बाबा."

"खरं सांग."

तिनं हात पुढे केला. भाऊंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बाजारात काटा स्थिर व्हायची वाट पाहतात ना, तसे उभे राहिले. मग हात सोडला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुसुमची ट्रंक सायकलच्या कॅरियरला बांधली. स्टेशनापर्यंत सायकल कुसुमनं ढकलली, आणि भाऊ तिच्या मागे रिकाम्या हातानं चालत गेले.