मनोहरच्या ट्रामचा हेवा

श्यामसुंदर वैरागडेचा दिवस पहाटे चारला सुरू होई. काळीघाटच्या त्यांच्या गल्लीतला नळ त्याच वेळी मोकळा मिळे. आंघोळ, कपभर चहा, कालिंदीनं फडक्यात बांधून दिलेल्या पोळ्या, आणि उजाडायच्या आत तो रस्त्याला लागलेला असे. काम हावड्यात, एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात. तिथं तो फिटर होता. सातच्या भोंग्यानंतर दार बंद होई आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाई, म्हणून उशीर परवडत नसे. भवानीपूर, चौरंगी, डलहौसी, मग नदीकाठचा रस्ता आणि पूल. हे सगळं तो पायी जाई आणि पायीच परत येई.

चालणं हे कष्टाचं काम आहे आणि कष्टाचं काम नीट करावं लागतं. पहिला मैल सावकाश, अंग तापेपर्यंत. मैदान लागलं की वेग धरायचा. पुलावर बोलायचं नाही, श्वास वाया जातो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पायांनीच शिकवलं होतं.

खरं तर ट्राम होती. काळीघाटहून निघे ती थेट हावड्याला जाई. लोकांना वाटे, वैरागडे पैसे वाचवतो. कालिंदीलाही तसंच वाटे. वाचलेला पैसा चपलेच्या तळव्यांत जातो हे तिला दिसत होतं, पण नवर्‍याच्या हिशेबात तोंड घालायची तिला सवय नव्हती. दुसर्‍या वर्गाचं तिकीट त्याला परवडत नव्हतं असं नाही. त्या मार्गावर मनोहर धोटे कंडक्टर होता, आणि कुठली गाडी मनोहरची निघेल हे सांगता येत नसे. खरं कारण एवढंच होतं.

दोघं नागपूरचे, महालातले, एका आळीतले. सेहेचाळीस साली एकाच गाडीनं कलकत्त्याला आले. ट्रामच्या नोकरीसाठी एकाच रांगेत उभे राहिले. मनोहरला घेतलं, श्यामसुंदरला नाही. मनोहरला बंगाली बोलायची लाज नव्हती. मोडकंतोडकं बोले, चुकला की स्वतःच हसे, आणि समोरचाही हसे. श्यामसुंदरला चुकीचं बोलणं म्हणजे कानस वाकडी चालवणं. नीट येईल तेव्हा बोलू, असं ठरवून तो गप्प राहिला. सात वर्षं गप्पच होता. मनोहरला खाकी कोट मिळाला, पितळी बिल्ला मिळाला, गळ्यात चामड्याची पिशवी आली, आणि शहरभर ट्राम फुकट झाली. काळीघाटच्या एकाच घरात वरची खोली मनोहरनं घेतली, खालची श्यामसुंदरनं.

सकाळी मैदानाजवळ कधी मागून घंटा वाजे आणि पायरीवर लोंबकळणारा मनोहर ओरडे, "चढ बे श्यामा! तिकिटाचं मी बघतो!"

श्यामसुंदर मान न वळवता चालत राही. मनोहरनं डोळा झाकला तर आपण बसायचं! आपल्याला मिळायला हवी होती ती जागा त्यानं घेतली, आणि आता त्याच जागेवरून तो आपल्याला मेहेरबानी वाढणार. गाडी पुढं जाई. तिच्या मागच्या काचेत मनोहरची पाठ दिसे, तिच्याकडं बघत श्यामसुंदर आणखी जोरात पाय टाकी. ट्रामला तो गाठू शकत नसे, पण तिच्या मागं लागल्यानं कारखान्यात वेळेच्या आधी पोचे.

ट्राम सगळ्यांना फुकट असावी, असं त्याचं मत पडलं ते याच रस्त्यावर. रविवारी घरापुढच्या ओट्यावर दोघं बसले की तो हे मत मांडी.

"तो गॅसचा दिवा बघ," तो गल्लीच्या तोंडाशी बोट दाखवी. "त्याच्या उजेडातून येताना तिकीट काढलंस? नळावर कंडक्टर उभा असतो? मग ट्रामलाच का? आम्ही कामावर पोचलो नाही तर नुकसान कुणाचं? मालकाचं. त्यानं कर भरावा, सरकारनं गाडी चालवावी, माणसानं चढावं आणि उतरावं. बस."

"म्हणणं वाईट नाही," मनोहर म्हणे. "पण तिकीटच नाही म्हटल्यावर कंडक्टर कशाला? माझं काय?"

श्यामसुंदरनं याचा विचार केलेला होता. सगळ्या म्हणण्यात त्याला गोड लागणारा भाग तोच होता.

"तू? तू चालायला शीक."

मनोहर मोठ्यानं हसे. "अरे, म्हातार्‍याकोतार्‍यांना हात देऊन चढवायला कुणीतरी लागेलच की! तेवढं मी करीन."

श्यामसुंदरचं तोंड कडू होई. त्यानं मनात चालवलेल्या फुकट ट्राममध्येही मनोहरनं आपली जागा धरली होती.

मग त्रेपन्नचा जुलै आला. दुसर्‍या वर्गाचं भाडं एका पैशानं वाढलं आणि सगळं शहर खवळलं. लोक गाडीत चढत आणि जुनंच भाडं पुढं धरत. ते घेतलं तर घेतलं, नाहीतर काहीच देत नसत. बिनतिकिटाची बाकं भरून गाड्या धावू लागल्या. कालपर्यंत मनोहरच्या कोटाला जे मिळत होतं, ते आता कुणालाही मिळत होतं. श्यामसुंदर दोन दिवस हे बघत चालला. तिसर्‍या दिवशी संध्याकाळी हावड्याच्या टोकाला मनोहरची गाडी उभी दिसली आणि तो गर्दीबरोबर आत शिरला. खिडकीजवळची जागा मिळाली.

पूल सरला तसा मनोहर बाकाबाकानं पुढं आला. "टिकिट, दादा, टिकिट." आवाजात जोर नव्हता. बाकं हसत होती. श्यामसुंदरसमोर येताच तो थांबला.

श्यामसुंदर ताठ झाला आणि सार्‍या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "देबो ना!"

नाही देणार. सात वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बंगाली, आणि त्यात चूक नव्हती. शेजारच्या बाबूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मागून कुणी शाबास म्हणालं. आज तो कुणाच्या डोळेझाकीवर बसला नव्हता. तो हक्कानं बसला होता.

मनोहर वाकला आणि हळूच मराठीत म्हणाला, "बस, बस. सात वर्षं दुसरं काय सांगतोय तुला?"

आणि पुढच्या बाकाकडं गेला.

श्यामसुंदरच्या अंगातली हवाच गेली. ज्याच्याशी भांडायचं, तोच आपल्या बाजूचा निघाला. आता हे बसणं हक्काचं की मनोहरच्या गाडीतलं, हे त्याला ठरवता येईना. पाय रिकामे होते, ते कुठं ठेवावेत हेही कळेना.

पार्क स्ट्रीटच्या चौकाअलीकडं गाडी थांबली. पुढं धूर होता, पोलिसांच्या गाड्या होत्या, माणसं पळत होती. डबा रिकामा होऊ लागला. मनोहर पायरीवर उभा राहून बायांना आणि म्हातार्‍यांना हात देऊन उतरवत होता. गर्दीतून कुठूनसा एक दगड आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. तोल गेला. पाऊल पायरीत अडकलं आणि धड खाली पडलं. श्यामसुंदरनं घोट्याचा आवाज ऐकला. ओतकामातलं बीड तडकलं की तसा आवाज येतो.

ट्राम बंद, बस बंद, रिक्षावाले केव्हाच पसार झालेले. श्यामसुंदरनं मनोहरला पाठुंगळी घेतलं आणि भवानीपूरच्या इस्पितळाची वाट धरली.

"उतरव बे. दमशील."

"गप. मागं रेलू नको. वजन माझ्या खांद्यावर टाक."

"पिशवी घेतलीस ना?"

"तुझ्याच गळ्यात आहे. तिचा कोपरा माझ्या बरगडीत घुसतोय."

माणूस वाहताना पावलं आखूड टाकावीत, गुडघे सैल ठेवावेत, आणि थांबायचं झालं तर भिंतीला टेकावं. खाली बसू नये, पुन्हा उठताना कंबर जाते. हे सगळं तो करत होता, आणि लोक मनोहरकडं बघत होते. "कंडक्टरला लागलंय," असं म्हणत वाट देत होते. ज्यांनी तासाभरापूर्वी त्याला पैसा दिला नसता, तेच त्याच्यासाठी हळहळत होते. एका दुकानातून बाई धावत आली, शहाळं घेऊन. मनोहरच्या तोंडाला लावलं. तो प्यायला. वाहणार्‍याला कुणी विचारलं नाही.

"अर्धं तू घे, श्यामा."

"मला नको."

घसा कोरडा पडला होता. तरी नकोच.

घोट्याचं हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. मग मनोहर वरच्या खोलीत खाटेवर पडला आणि जिन्यावरची वर्दळ थांबेना. कंडक्टर आले, डेपोचे लोक आले, भाडेवाढीविरुद्ध फिरणारी पोरंसुद्धा आली आणि पाया पडून गेली. मनोहरची बायको वृंदा चहा करून थकली, तेव्हा कालिंदी मदतीला जाऊ लागली. एकदा तिनं साजूक तुपातला शिरा वर नेला. शिर्‍याचा वास खाली आला, शिरा आला नाही.

"किती धीराचे हो मनोहरभावजी," ती खाली येऊन म्हणाली. "एवढं दुखतंय, तरी सगळ्यांना हसवतात."

"आणि त्याला उचलून आणलं ते?"

"तुमचं काय, तुम्हाला चालायची सवयच आहे."

 दुसर्‍या दिवशी श्यामसुंदर पुन्हा पायी कामावर गेला. बिनतिकिटाच्या गाडीतही आता बसवेना. महिन्याच्या शेवटी वाढ मागं घेतली गेली. लोकांनी गुलाल उधळला, आणि दुसर्‍या दिवसापासून सगळे जुनं भाडं आनंदानं मोजू लागले. फुकट ट्रामचं नाव कुणी काढलं नाही. श्यामसुंदरनं ते एकदा ओट्यावर काढलं, पण समोर मनोहर नव्हता आणि बोलण्यात रंग भरला नाही.

मनोहरची रजा संपली आणि पुढचे दिवस बिनपगारी चालले. खोलीचं दोन महिन्यांचं भाडं तटलं. जिन्याखाली वृंदा कालिंदीला हळू आवाजात ते सांगताना श्यामसुंदरनं ऐकलं. वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या खाली थोडं बरंही वाटलं. आता तरी दोघं बरोबरीत आले.

गणपती जवळ आले होते. पगाराच्या संध्याकाळी मराठी मंडळाचे खजिनदार विनायकराव ओगले गल्लीच्या तोंडाशी भेटले. सरकारी हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला, पण कुणाशीही थांबून बोलणारा माणूस.

"बरं झालं भेटलात, वैरागडे. आपल्या धोट्यांसाठी मंडळ वर्गणी काढतंय. भाडं तटलंय म्हणे. गणपतीपुढं त्यांना खुर्चीवर बसवायचं, शाल-नारळ द्यायचा, वर्गणीदारांची नावं वाचायची. सगळी मराठी मंडळी असतील. तुम्ही किती घालता?"

श्यामसुंदरला ती खुर्ची दिसली. खुर्चीवर प्लास्टरचा पाय पुढं करून बसलेला मनोहर, अंगावर शाल, टाळ्या, आणि खाली सतरंजीवर वर्गणीदारांत आपण.

"वर्गणी कशाला?" तो म्हणाला. "भाडं तटलेलं नाही. दिलंय."

"दिलंय? कुणी?"

"मी."

शब्द सुटला तेव्हा त्याचा त्यालाच धक्का बसला. पगार खिशात होता, अजून कशालाच हात लागलेला नव्हता.

विनायकरावांनी त्याचा हात धरला. "अहो, मग शाल तुम्हालाच द्यायला हवी! शेजारधर्म म्हणतात तो हा. नाव वाचून दाखवतो मी तुमचं, बघा."

क्षणभर फार गोड वाटलं. खुर्चीवर आपण, अंगावर शाल. मग त्याला समोर बसलेला मनोहर दिसला. सगळ्यांत जोरात टाळ्या मनोहरच वाजवत होता. डोळे पुसत होता, आणि लोक त्याच्याकडं बघून म्हणत होते, काय मनाचा मोठा माणूस आहे हा धोटे!

"नाव वाचलंत तर मी मंडळाची पायरी चढणार नाही," श्यामसुंदर म्हणाला. "आणि त्यालाही सांगायचं नाही. वर्गणी बंद करा."

विनायकराव त्याच्याकडं आदरानं बघत राहिले. तो आदर त्याला टोचला. तो झपाझप निघाला, कारण आता बोललेलं खरं करणं भाग होतं आणि विनायकराव उद्यासुद्धा घरमालकाला विचारू शकत होते.

घरमालक भट्टाचार्यबाबू त्याच घरात, अंगणाच्या पलीकडं राहत. ते दारात विडी ओढत बसले होते. श्यामसुंदरनं नोटा काढल्या, वरच्या खोलीकडं हात केला आणि बंगालीत सांगायला लागला. क्रियापद चुकलं. दुरुस्त करायला गेला तर आणखी चुकलं. म्हातारा हसला. श्यामसुंदर तसाच चुकत पुढं बोलत राहिला.

"वरच्यांचं? दोन्ही महिन्यांचं?" भट्टाचार्यबाबूंनी नोटा घेतल्या. "आणि तुमचं या महिन्याचं?"

श्यामसुंदरनं खिशात हात घातला. घरखर्चापुरतं होतं, त्यापलीकडं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला.