चेअरमनची समान वाटणी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावातील बारा मधुमेही रुग्णांना डोळ्यांच्या औषधांच्या एका चाचणीतून वगळण्यात आले. बाराही जणांनी नेमून दिलेल्या गोळ्या न चुकता घेतल्या होत्या. अडचण एवढीच की त्या एकमेकांच्या होत्या.

याला जबाबदार व्यक्ती म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्या बारांतलेच एक. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावरच्या मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारने दिलेले गोडसर पीठ, वाटली. प्रत्येक मापावर तळहात फिरवून ते वरचे जास्तीचे पीठ परत पोत्यात टाकत. दुष्काळ संपला, पण हात काही थांबला नाही. सोसायटीत चहा आला तरी सगळ्या बश्या एका रांगेत मांडून ते वाकून पातळी बघत. तोवर चहा निवे. पण सगळ्यांचा सारखाच निवे.

चाचणी शहरातल्या डॉक्टरांची होती. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरते; ते दोनपैकी कोणत्या गोळीने जास्त थांबते, हे पाहायचे होते. निम्म्यांना एक गोळी, निम्म्यांना दुसरी, दोन्ही सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. बाटल्या सारख्या, वर फक्त नंबर. कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते, आणि हे ते अभिमानाने सांगत.

तपासणी सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांमध्ये झाली. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर कोणालाच नंबर दिसेना आणि खिडकीतल्या बाटल्या एकमेकांत मिसळल्या. चेअरमननी प्रत्येक बाटलीतली गोळी जिभेला लावून पाहिली.

"डॉक्टरसाहेब, ही कडू हाय अन् ही गोड. साखरेच्या रोग्याला गोड गोळी देता व्हय?"

"दोन्हीत औषध आहे, चेअरमन. कोणतं जास्त लागू पडतं ते अजून आम्हालाच माहीत नाही."

"तुमाला बी माहीत न्हाय. बरं."

डॉक्टरांची जीप गेल्यावर ठराव झाला: सगळ्यांना सकाळी कडू, संध्याकाळी गोड. चेअरमनच्या वाट्याला मुळात कडू बाटली आली होती आणि औषध कडूच असते यावर गावाचे एकमत होते. तरी पहिली त्यांनी स्वतःची बाटली पोत्यावर पालथी केली.

पुढच्या दोन तपासण्यांत डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशेब गोळीला गोळी जुळला. इतकी शिस्त शहरातही नाही, असे ते म्हणाले. मी तेव्हा जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर होतो; मी ते छापून आणले.

तिसऱ्या वेळी कोंडाबाई नावाच्या म्हाताऱ्या रुग्ण बोलल्या, "साहेब, सकाळची कडू तेवढी बंद करा. संध्याकाळची गोड लई ब्येस हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "अहो चेअरमन, आता कोणाला कशानं गुण आला हे मी कसं सांगू?"

"सगळ्यांना आला म्हणून लिवा."

महिनाभरात वगळल्याचे पत्र आले.

वर्षाने चाचणीचा निकाल लागला. कडू गोळी सरस ठरली. तोवर चेअरमनचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्यात रक्त दिसू लागले होते. डॉक्टर सुटीच्या दिवशी स्वतः आले. बाराही जणांना गोदामात बोलावून त्यांनी निकाल सांगितला आणि पिशवीतून एक बाटली काढून चेअरमनच्या हातात दिली.

"एवढीच मिळाली. तुमचा डोळा सगळ्यांत नाजूक आहे. ही एकट्यापुरती आहे."

"मग एकट्यालाच बोलवायचं व्हतं. मीटिंग कशाला भरवली?"

"चेअरमन, तुमची नजर जाईल."

"ह्यांची ऱ्हाईल का?"

चेअरमननी पोत्यावर बाटली पालथी केली, बोटांनी चाचपत बारा ढीग लावले आणि प्रत्येकावरून तळहात फिरवला.

गोळ्या नऊ दिवस पुरल्या. दुसरी बाटली आली नाही. दिवाळीच्या आधी चेअरमनचा डावा डोळाही गेला.