कॅसेटींचे वाटे

मुरगूडच्या शेताची वाटणी आम्हा दोघा भावांत, वडिलांच्या देखत, चहा थंड व्हायच्या आत झाली. विहिरीकडचा तुकडा धाकट्याला, रस्त्याकडचा मला. कुणी आवाज चढवला नाही. आईनं जायच्या आधीच आपले दागिने सुनांना वाटून दिले होते आणि भांड्यांवर कुणाचाच जीव नव्हता. आता भावकीत आमच्या समंजसपणाचं कौतुक होणार, असं मला वाटत असतानाच धाकट्यानं माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरवली आणि आमचा समंजसपणा तिथंच संपला.

ट्रंकेत व्हिडिओ कॅसेटी होत्या. मी शाळेत असताना रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी विज्ञानमालिका हिंदीत लागायची. एका उजाड ग्रहावर येणारी-जाणारी यानं इंधनासाठी थांबतात, तिथं नाना ग्रहांचे प्रवासी उतरतात, भांडतात, हरवतात आणि त्या थांब्याचा चिडका मॅनेजर सगळ्यांना शिस्त लावायला बघतो. थोडक्यात आपला एसटी स्टँडच, फक्त आकाशात. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती अख्खी मालिका टीव्हीवरून कॅसेटींवर उतरवून घेतली होती. प्रत्येक कॅसेटीच्या कडेला त्यांच्या तिरक्या अक्षरात क्रमांक घातलेला.

त्या कॅसेटी माझ्या होत्या. कायद्यानं नसतील, पण होत्या. सातवीनंतर मला गडहिंग्लजला मामांकडं ठेवलं, कारण मामा गणित शिकवायचे आणि मी गणितात दगड होतो. मामांच्या घरी रविवारी सकाळी टीव्हीवर कापड असायचं आणि माझ्यापुढं भूमिती. म्हणून आण्णा प्रत्येक भाग टेप करून ठेवायचे. दिवाळीला आणि मे महिन्यात घरी आलो की मी मागच्या खोलीत बसून साठलेले सगळे भाग बघून काढायचो.

धाकटा मात्र घरीच. तो प्रत्येक भाग ताजा ताजा बघायचा, तोही आण्णांबरोबर. आण्णा साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि गळीत हंगामात तर ते घरातल्या कुणाच्या दृष्टीला पडत नसत. रविवारची सकाळ तेवढी त्यांची असायची आणि ती सगळी ह्याला मिळायची. सुट्टीत मी कॅसेट लावून बसलो की हा दारात उभा राहून सांगायचा, "आता बघ, हितं आण्णा लई हसलेले." मग मला तिथं हसू यायचंच नाही. पुढं पुढं तो नसला तरी मी बघता बघता अंदाज करत बसायचो, इथं हसले असतील का, की इथं. मला मालिका मिळाली आणि ह्याला आण्णा मिळाले, असा माझा सरळ हिशेब होता.

नोकरी लागल्यावर मी ती मालिका विकत घ्यायला लागलो. परदेशातल्या मित्रांच्या हातापाया पडून एकेक सीझन मागवला. मग चित्र सुधारून काढलेली आवृत्ती, मग तीच पुन्हा मोठ्या खोक्यात, सोबत पुस्तिका आणि त्या थांब्याचा नकाशा. सगळं काचेच्या कपाटात ओळीनं लावलेलं आहे. बायको म्हणते, "धूळ पुसायची मी आणि बघायचं कुणी?" तिचं खोटं नाही. मी त्या डीव्हीडी फारशा लावत नाही, कारण त्या इंग्रजीत आहेत. आमचा मॅनेजर हिंदीत खेकसायचा. ते हिंदी आवाज जगात कुठंही विकत मिळत नाहीत, मी शोधून दमलो. ते फक्त त्या ट्रंकेत होते आणि ट्रंक धाकट्याच्या ताब्यात, कारण आण्णांच्या घरात तोच राहतो. आण्णांबरोबर सकाळचा चहा त्याचा, संध्याकाळी रंकाळा तलावावरची फेरी त्याची. मी गेलो की मला पाहुण्यासारखी पोह्यांची बशी. मला त्याचा हेवा वाटतो. पन्नाशीला टेकलो तरी वाटतो आणि वयानं तो कमी होईल अशी लक्षणं दिसत नाहीत.

ट्रंकेचं झाकण उघडल्यावर माझं डोकंच फिरलं. सगळ्या कॅसेटी आडव्या, एकीवर एक.

"कॅसेटी उभ्या ठेवायच्या असतात," मी म्हणालो.

"ठेवल्या की इतकी वर्षं," धाकटा म्हणाला. "पाणी लागलं न्हाय, उंदीर लागला न्हाय. आजून काय पायजे?"

आणि व्हीसीआर? तोही होता, टीव्हीच्या खाली, पुसलेला आणि वायरी जोडलेला. म्हणजे हा अधूनमधून बघत होता. मला न सांगता, आण्णांच्या घरात बसून, माझ्या कॅसेटी बघत होता.

मी म्हणालो, "मालिका फोडायची नाही. सगळ्या कॅसेटी मला दे आणि रस्त्याकडचा तुकडाही तूच घे."

आण्णांनी हातातला कप खाली ठेवला. आमच्याकडं रस्त्याकडची जमीन म्हणजे काय, हे कुणाला सांगायला लागत नाही. धाकट्यानं विचारसुद्धा केला नाही. "नको," म्हणाला.

"मग रीतीनं करा," आण्णा म्हणाले. "थोरल्यानं वाटं घालायचं, धाकट्यानं आदी उचलायचं."

आमच्यात ही जुनी रीत आहे. जो वाटे घालतो त्याला निवडता येत नाही, त्यामुळं तो वाटे सारखे घालतो. शेतीवाडीत हे बरोबर चालतं. पण मी मामांच्या हाताखाली गणित शिकलेला माणूस. एका कॅसेटीवर तीन भाग बसायचे आणि गोष्ट बहुतेक वेळा एका कॅसेटीच्या शेवटी लटकून पुढच्या कॅसेटीवर सुटायची. मी विषम क्रमांकांचा एक ढीग घातला आणि सम क्रमांकांचा दुसरा. ह्यानं कुठलाही उचलला तरी ह्याच्याकडं धड गोष्ट राहत नव्हती. महिन्याभरात कंटाळून स्वतःच माझ्या दारात आणून टाकेल, असा माझा बेत होता. मी स्वतःवरच खूश झालो.

धाकट्यानं दोन्ही ढिगांवरचे आकडे वाचले. "दादा, ह्ये वाटं न्हाईत. ही अडवणूक झाली."

"दोन्ही सारखेच आहेत. उचल."

"उचलतो. पर आदी एक बघू दे."

त्यानं समच्या ढिगातून एक कॅसेट काढली. आकडा न बघता, हाताला सवय असल्यासारखी काढली आणि लावली. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या, मग ते संगीत आणि मग मॅनेजर हिंदीत खेकसला. माझ्या अंगावर काटा आला. आण्णांनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढं ओढली. बघता बघता जाहिरातीची जागा आली. चित्र जरासं थरथरलं आणि गोष्ट पुढं सुरू झाली.

"बघ," मी धाकट्याला म्हणालो, "एक जाहिरात दिसणार नाही. किती निगुतीनं केलंय आण्णांनी." हे मी त्याला टोचावं म्हणूनच म्हणालो. माझ्यासाठी केलंय, हे त्याला ऐकवायचं होतं.

"मी कुठलं?" आण्णा म्हणाले. "त्ये ह्याचं काम हुतं."

"कसलं काम?"

"मशिनीम्होरं बसायचं. बटणावर बोट ठिवून."

धाकटा पडद्यावरची नजर न काढता बोलायला लागला. "तुला काय वाटलं, जाहिराती आपोआप गळायच्या? जाहिरात लागली की बटण दाबायचं, संपली की सोडायचं. दादा एवढा लांब ऱ्हातोय, त्याला साबण कशाला दाखवायचा, म्हणायचे आण्णा. मी कवा गोष्ट बघितली रं? मी जाहिरातीची वाट बघत बसायचो."

"आणि आण्णा लई हसलेले म्हणून सांगायचास, ते?"

"त्ये ऐकू यायचं की मला, मागनं. वळून बघितलं की वरडायचे, बटणाकडं बघ म्हणून. माझं बोट तुझ्या कामाला लावलेलं, आणि तू सुट्टीत येऊन पाय पसरून बघायचास. लई राग यायचा मला तुझा."

इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो तो तिकडं माझ्यावर जळत बसला होता आणि त्याचं कारण माझ्यापेक्षा भक्कम होतं. रविवार सगळे माझेच होते. मी गडहिंग्लजला होतो म्हणून हे दोघं दर आठवड्याला माझ्यासाठी राबत होते. मला हायसं वाटायला हवं होतं आणि क्षणभर वाटलंही.

तेवढ्यात पडद्यावर मॅनेजर इंधनाच्या टाकीत पडला आणि पाठोपाठ कपड्यांच्या साबणाची जाहिरात सुरू झाली. बादलीभर फेस, हसणारी बाई, आणि मधेच ती तुटून पुन्हा मॅनेजर. सगळ्या कॅसेटींत मिळून ही एवढीच जाहिरात राहिलेली होती आणि मी ती साफ विसरलो होतो.

"ह्या टायमाला मला दम निघाला न्हाय," धाकटा म्हणाला. "त्यो टाकीत पडला आणि मी जे हसत सुटलो, बोटच निघालं. आण्णा बी हसत हुते. मला जवळ वढून हसत हुते. मग ध्यानात आलं, तवर साबण आत गेलता. दादाची कॅसेट घाण केलीस म्हणून शिव्या खाल्ल्या. पर त्याआदी हसलो आमी दोघं."

मग त्यानं कॅसेट बाहेर काढली आणि माझ्याकडं वळला. "मी एवढीच लावतो अधनंमधनं. ही एक मला ठेव, बाकीच्या समद्या घेऊन जा. जमीन नको, काय नको."

मी ज्यासाठी आलो होतो ते मला मिळत होतं, एक सोडून सगळं. चांगल्या माणसानं त्या घडीला भावाच्या खांद्यावर हात ठेवला असता. माझ्या डोळ्यापुढून मात्र तो फेस हलेना. आण्णांनी इतके रविवार माझ्यासाठी राखून ठेवले होते आणि मला नेमका तोच हवा होता, जो त्या दोघांनी मला विसरून घालवला होता. त्याला जवळ ओढून हसत होते म्हणे.

"नाही," मी म्हणालो. "वाटे पडलेत. रीतीनं उचल."

तोंडातून गेल्यावर कळलं की ती कॅसेट समच्या ढिगातली आहे आणि पहिला हात त्याचा आहे. त्यानं कॅसेट ढिगावर ठेवून तो अख्खा ढीग आपल्याकडं ओढला.

आण्णा म्हणाले, "एकच तर मागत हुता. द्यायची हुतीस."

"आण्णा, त्या दिवशी तुम्ही खरंच एवढं हसला होता?"

त्यांनी आठवून बघितलं. "न्हाय बा ध्यानात. हसलो आसंन. बारकं पोरगं हसत हुतं, मग हसायचंच की."

मी माझा विषम ढीग दोन पिशव्यांत भरला आणि उठलो. दाराशी येऊन चपला घालत होतो तोवर धाकट्यानं ती कॅसेट पुन्हा लावली. मॅनेजर टाकीत पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग आण्णांचं हसणं आणि धाकट्याचं. मला कुणी आत बोलावलं नाही आणि पिशव्या खाली ठेवून आपण होऊन आत जाणं मला जमलं नाही.