कोपऱ्यातला चौकोन

माझ्या बहिणीचे, अलमेलूचे, यजमान गजेंद्रराव यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा लहानसा कारखाना आहे. कुणी पुस्तकं वाचायचं बंद पडलेलं ई-रीडर आणलं, की चांगली वस्तू दोन-चार वर्षांत भंगारात काढणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा ते आधी उद्धार करतात, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतात.

त्यांची एकुलती एक मुलगी रंजनी सिरुसेरीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीत ग्लायडर उडवते. पोरीने बिनइंजिनाच्या विमानात बसू नये, असं मी तोंडावर सांगितलं, तर गजेंद्रराव आमच्या घरच्या दक्षिणी मराठीत माझ्यावरच उखडले. "भिणाऱ्यानं घरांत बसावें रे! तिला कशाला बसवतोस?"

वर उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, अशी रंजनीची तक्रार होती. ई-रीडरचा पडदा उन्हात कागदासारखा स्वच्छ दिसतो. गजेंद्ररावांनी एका जुन्या ई-रीडरला जीपीएस जोडलं. उतरायचं मैदान किती दूर आहे आणि तिथवर पोहोचताना किती उंची शिल्लक राहील, हे त्यावर दिसू लागलं.

पण या पडद्याची एक खोड आहे. यंत्र अडकलं तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. म्हणून त्यांनी एका कोपऱ्यात सतत लुकलुकणारा बारीक काळा चौकोन ठेवला आणि लेकीला बजावलं, "हा थांबला, की वरचें सगळें खोटें. सरी? कळलें?"

खंडेनवमीच्या आयुधपूजेला त्यांनी कारखान्यातल्या लेथला, ड्रिलला, स्कूटरला गंध-कुंकू लावलं. रंजनीचं यंत्रही पूजेत होतं.

पुढच्याच रविवारी ग्लायडर मैदानाच्या अलीकडे एका कोरड्या तळ्यात आदळलं. रंजनी वाचली, पण हात आणि दोन बरगड्या मोडल्या. इस्पितळात गजेंद्ररावांचा नुसता भडका उडाला होता. ग्लायडरचा क्लब नालायक, वारा नालायक, जीपीएस विकणारा चोर. आडव्या पडलेल्या लेकीलाही त्यांनी सोडलं नाही. "डोळे कुठें होते तुझे?" मला इतका संताप आला की त्यांना धरून बाहेर काढावं असं वाटलं. अलमेलू भिंतीकडे तोंड करून रडत होती.

तेवढ्यात क्लबचे विजयकुमार एका पिशवीतून ते यंत्र घेऊन आले. पडद्यावर अजून लिहिलेलं होतं: मैदान गाठाल, उंची शिल्लक १८० मीटर.

"बघ! मेलें तरी खोटें बोलतें!" गजेंद्रराव ओरडले. "चौकोन बघितलास कां नाही?"

"दिसत नव्हता, अप्पा."

त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. कोपऱ्यावर गंधाचा वाळलेला थर होता आणि त्यावर कुंकवाचं बोट. घरातल्या कुठल्याही यंत्राला ते बोट त्यांच्याशिवाय कुणी लावत नाही.

"मग पुसलें कां नाहीस?" आवाज अजून चढाच होता, पण फाटला.

"तुम्ही लावलेलें कुंकू," रंजनी म्हणाली. "कसें पुसूं?"

गजेंद्रराव अंगठ्याने कोपरा खरवडत राहिले. गंध निघालं, कुंकू निघालं. खाली चौकोन होता, थांबलेला.