कुलपात गेलेलं बोलणं

शेगाव स्टेशनवर मायनं मला डब्यात बसवलं आणि खिडकीचा गज धरून ती बाहेर उभी राहिली. सोनाळ्याहून एसटीनं आम्ही तिघं आलो होतो: ती, माझा भाऊ गजानन आणि मी. अशा वेळी बाकीच्या आया रडतात, तब्येतीला जप म्हणतात. माझी माय म्हणाली, "तिथं कोणाचं उगंच ऐकून घेजो नको." गाडी हलली तशी ती वळली आणि चालू लागली. बाबा गेल्यापासून संत्र्याची बाग तिच्याच अंगावर होती, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी होती.

मी पुण्याला चालले होते, एडिटिंग शिकायला. तिथून पुढं अमेरिका. पण माझा खरा परदेश पुणंच. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "मले नाही समजलं" म्हणाले आणि सगळे हसले. वाईट हेतू नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. नसेलही. मला त्याचा राग अजून आहे. तुमच्यातले जे जे गावाबाहेर पडले त्यांना सांगायला नको. दोन-चार महिन्यांत मीही जीभ घासूनपुसून लख्ख केली.

लॉस एंजेलिसजवळच्या ज्या स्टुडिओत मला नोकरी लागली तो टीव्ही मालिका बनवायचा. दोन भावांनी तो सुरू केला होता, संत्री पेटीत भरायच्या एका जुन्या शेडमध्ये. त्या खोऱ्यात पूर्वी संत्र्याच्याच बागा होत्या. मायला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बागा काऊन तोडल्या?"

तिथला धंदा समजायला मला वेळ लागला. स्टुडिओ मालिका तोट्यातच बनवतो. चॅनल जे देतं त्यात खर्च निघत नाही. पण मालिका काही वर्षं टिकली की तिचे जुने भाग गावोगावच्या छोट्या चॅनलांना विकता येतात, आणि लोक दुपारी जेवताना तेच ते विनोद पुन्हा बघतात. खरी कमाई तिथं. म्हणून त्या दोन भावांनी तळघरात गार खोल्या बांधल्या आणि प्रत्येक भागाची रिळं जिवापाड जपली. जुनं पुन्हा दाखवण्यावर तो स्टुडिओ उभा राहिला होता. मला तो विचार आवडायचा.

मी तिथं सहाय्यक म्हणून लागले आणि एडिटर झाले. मग रूथ नावाच्या लेखिकेनं एक मालिका आणली. भारतातल्या खेड्यातली एक म्हातारी कॅलिफोर्नियात मुलाकडं राहायला येते आणि इंग्रजी शिकायला साफ नकार देते, अशी गोष्ट होती. म्हातारी बोलणार कोणत्या भाषेत, यावर चर्चा चालली होती. कोणी हिंदी म्हणालं, कोणी गुजराती. मी सहज म्हणून मायचा रेकॉर्ड करून ठेवलेला एक फोन ऐकवला. त्यात ती खताच्या दुकानदाराला शिव्या घालत होती. रूथला शब्द कळला नाही, पण ती म्हणाली, "हीच बाई."

त्यानंतर वर्षभर माझी माय त्या मालिकेची भाषा शिकवत होती. म्हातारीचं काम करणारी मीना न्यू जर्सीत वाढलेली, घरी गुजराती बोलणारी. ती तिकडं, माय सोनाळ्यात ओसरीवर, मोबाईल धान्याच्या कोठीला टेकवलेला.

"असं नाही बाई," माय म्हणायची. "'मले नाही पाह्यजे' म्हन. तोंडातल्या तोंडात काऊन बोलून राह्यली? सून समोर उभी हाय ना तुह्या?"

मीना पुन्हा म्हणायची. माय पुन्हा नाही म्हणायची. कितीतरी वाक्यं मायनं बदलली. "म्हातारं माणूस असं मागत नाही," ती सांगायची, आणि रूथ तिकडं खोडून नवीन लिहायची. प्रत्येक भागाच्या शेवटी मायचं नाव येणार होतं: सुमनबाई, भाषा मार्गदर्शन. ते नाव मी स्वतः पडद्यावर बसवलं. पुण्याच्या वर्गात जे बोलणं हसण्यावारी गेलं ते अख्ख्या अमेरिकेला ऐकू जाणार होतं. मायनं गावभर सांगितलं. का सांगू नये?

मालिका पूर्ण झाली. शेवटच्या भागाचं संगीतही लागलं. तेवढ्यात स्टुडिओ विकला गेला. आता लोक मोबाईलवर बघतात, जुने भाग विकत घेणारी छोटी चॅनलं उरली नाहीत. ज्या कंपनीनं स्टुडिओ घेतला तिला आणखी मोठ्या कंपनीनं गिळलं. नव्या मालकांनी आम्हा सगळ्यांना कॉम्प्युटरवरच मीटिंगला बोलावलं. छान स्वेटर घातलेल्या एका माणसानं सांगितलं की आमची मालिका प्रदर्शित होणार नाही. ती तोटा म्हणून दाखवली की कर वाचतो. आणि तोटा दाखवायचा तर ती कुठंच दाखवता येत नाही, कधीच.

मी माइक चालू केला. "आम्ही बनवली आहे. निदान एक प्रत आम्हाला मिळेल का?"

"तुमच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला. मग नाही म्हणाला.

पुन्हा दाखवण्यावर जगलेल्या स्टुडिओत आता न दाखवण्यात नफा होता. दुसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र फाटकावर चालेना, नोकरीही गेली होती. रूथ गाडीत बसून रडली. मला रडू आलं नाही. माझे दात दुखत होते, इतके मी आवळले होते. तुम्हांला पटत नसेल तर सांगते, कुठं आग लागली नव्हती, काम वाईट झालं नव्हतं, कोणी चोरी केली नव्हती. सगळं कायदेशीर होतं.

मायला सांगितलं.

"खराब झालं का ते?"

"नाही माय. चांगलं झालं."

"मंग?"

मी कराचं सांगितलं. ती म्हणाली, "आपण भाव पडला तं संत्रा रस्त्यावर फेकतो. पण गुरं तं खातात. हे तं कोणाच्याच तोंडी नाही लागलं."

त्या उन्हाळ्यात गजाननच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी गावी आले. तोवर गावात काय चाललं होतं ते गजाननकडून कळलं. मालिका बिलिका काही नाही, सुमनबाईची पोरगी तिकडं कुठं तरी झाडू मारते, असं लोक बोलत होते. झाडू मारणं हलकं असतं असं मी मानत नाही, पण माय खोटी ठरली होती. मंडपात पंगत बसली असताना बापूकाका, माझे चुलत काका, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय वयनी, लागली का अमेरिकेची शिरियल?"

लोक हसले. मी उठून कर, कंपनी, करार असं सांगायला लागले. मायनं माझा हात खाली ओढला.

"नाही लागली बापू, आन् लागणार बी नाही. म्या काम केलं, चांगलं केलं. ज्यानं घेतलं त्यानं पुरून टाकलं. त्यात माही लाज काय?"

शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "सुमनबाई, एखादं वाक्य म्हणून तं दाखव."

"नाही," माय म्हणाली. "ते त्या शिरियलमधल्या बाईसाठी होतं. जेवा आता, भात थंडा होऊन राह्यला."

मला त्या क्षणी वाटलं की तिनं म्हणायला हवं होतं. आता वाटत नाही. तिचं काम होतं ते. पंगतीत करून दाखवायचा खेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूकाका ओसरीवर येऊन बसले. मायनं चहा ठेवला आणि ती आत निघून गेली. काकांनी मला सगळं पुन्हा विचारलं. स्टुडिओ कोणाचा होता, कोणी विकत घेतला, मालिका आता कोणाच्या कुलपात आहे. मी सांगत गेले. ते मध्येमध्ये थांबवायचे, पुन्हा विचारायचे.

"म्हंजे तुह्या मायचं बोलणं तिथं हाय. आन् कोणी ऐकू नये म्हून त्याईले पैसा भेटते?"

"हाव काका."

"आन् त्याईले कोणी काहीच नाही म्हणत?"

आम्ही काही जण युनियनमधून भांडतोय, न दाखवलेलं काम बनवणाऱ्यांना परत मिळावं म्हणून, हे मी सांगितलं. अजून काही मिळालेलं नाही, हेही. काकांनी कप खाली ठेवला आणि त्या मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इथं लिहिता येणार नाही अशा शब्दांत, सावकाश, एकही पिढी न सोडता. माय दारात उभी राहून ऐकत होती. मग तिनं त्यांचा कप उचलला आणि पुन्हा भरून आणला.

मी तिकडं परत गेले. दुसऱ्या कंपनीत स्वयंपाकाच्या स्पर्धांचं एडिटिंग करते. तिथले लोक चांगले आहेत. झालं ते कळल्यावर सगळे हळहळले, एकीनं मला समुपदेशकाचा नंबरही दिला. पण माझ्यासाठी चिडलं कोणीच नव्हतं. कोणी विचारलं की घर कुठलं, तर मी सोनाळा सांगते. कारण तिथं एक माणूस आदल्या दिवशी मंडपात माझ्या मायवर हसला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर तिच्यासाठीच त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता.